चिंधी बांधलेली बादली

मे लागला की आमच्या गोळीबार चौकात
रस्ता सकाळी अकरालाच आडवा होतो.
नेमके तेव्हा बाबा सायकल काढायचे.
कॅरिअरला गवताची दोन बंडलं, सुतळीनं आवळलेली,
हँडलला डबा. डब्यात पाना, पक्कड, तारेचा ब्रश
आणि एक कांदा.
"खिशातला कांदा लोकायले दाखवाले असते," म्हणायचे,
"खाचा असन तं डब्यात ठेवावं."

वासुदेव सोनकुसरे. मिल बंद पडली तेव्हा वय एक्केचाळीस.
सुताचा माणूस तांब्याच्या तारेवर आला,
मोटारी भरायला शिकला, दाराशीच दुकान मांडलं.
बोटं मात्र तीच. तार तुटली
की विणकराची गाठ मारू पाहायची,
मग स्वतःशीच हसायची.

दुपारी बारा ते तीन दुकान बंद,
त्या वेळात मेयोतले कूलर.
वाळकं गवत उपसायचं, नवं दाबून बसवायचं,
टाकीच्या तळाची क्षारांची पांढरी खपली
गुडघे टेकून खरवडायची.
"गवत कोरडं झालं का वारा बी चावते, बाबू."
कोणी चिठ्ठी पुढे करून एक्स-रे कुठे विचारलं
तर हात दाखवून सांगायचे नाहीत,
ब्रश खाली ठेवून सोबत चालू लागायचे.

घरचा कूलर सगळ्यात शेवटी,
नवतपा लागल्यावर.
आई म्हणायची, जगाले गारवा, आमाले खडखड.
ते ऐकून घ्यायचे
आणि त्याच संध्याकाळी तिच्यासाठी
मोगऱ्याचा गजरा नाही, बर्फाचा गोळा आणायचे,
निम्मा वाटेत वितळलेला.

टाकी रात्री तीनला संपायची.
पंपाचा आवाज बदलायचा,
घशात काही अडकल्यासारखा.
हे मला आत्ता माहीत आहे.
तेव्हा आम्ही तिघं भावंडं ओळीनं झोपलेलो,
आणि कूलरला पाणी असायचंच,
आभाळाला निळं असतं तसं.

गेले ते कार्तिकात, स्वेटरच्या दिवसांत.
कूलर सगळे माळ्यावर, तोंडाला पोती बांधलेले.
तेराव्याला भिवापूरची एक बाई आली,
पदरात किलोभर मिरच्या.
कोणाकडे आलात, विचारलं तर म्हणाली, कूलरवाले.
आडनाव तिला ठाऊक नव्हतं.
तिचा नवरा त्या वॉर्डातून उठून घरी गेला नव्हता,
तरी ती आली होती.
का आली ते सांगायला लागली आणि थांबली,
मिरच्या तेवढ्या आईच्या ओटीत घातल्या.

आता हा पहिला मे.
काल रात्री पंप बदलला तसा मला जाग आली.
अंधारात बादली हाताला लागली.
कडीला चिंधी गुंडाळलेली,
उचलताना वाजू नये म्हणून,
धुऊन धुऊन रंग गेलेली,
आईच्या कुठल्याशा पातळाची.
चार बादल्या लागतात.
तिसरीला कंबर बोलते.
बावीस उन्हाळे, गुणिले साधारण नव्वद रात्री,
मी हिशेब सोडून दिला.

सकाळी पोरगी म्हणाली, मस्त थंड होतं ना रात्री.
मी हो म्हणालो.

मग त्यांची वही काढली,
वरच्या फळीवरची, ग्रीसचे अंगठे उमटलेली.
मला वाटलं होतं, पैसे असतील मांडलेले,
कोणाकडे बाकी, कोणाला उसने.
नव्हते.
मेयोतल्या कूलरची यादी होती, वॉर्डवार, पेन्सिलीनं,
आणि एका पानाच्या कडेला, तिरकं:
"खिडकीपाशी म्हातारी. तिले थंडी वाजते.
कूलरचं तोंड जरासं फिरवाचं."

उद्या रविवार आहे.
गवत कुठे मिळतं, विचारावं लागेल.